चंद्रपूरची दारूबंदी : पाचशे ठराव, दोन समित्या आणि गुन्ह्यांचा आकडा

दारूबंदीचा कायदा १९४९चा. मूळ मुंबई राज्याचा, विदर्भात तो दहाएक वर्षांनी आला आणि आज साऱ्या महाराष्ट्राला लागू आहे. कागदोपत्री पुण्यातल्या बारमध्ये बसणाऱ्यालाही पिण्याचा परवाना लागतोच. मग वर्धा आणि गडचिरोली 'दारूबंदी जिल्हे' कसे? तर तिथे सरकार विक्रीचे परवाने देत नाही, म्हणून. एका आदेशाने आलेली बंदी दुसऱ्या आदेशाने उठू शकते, हे चंद्रपूरकरांना २०२१मध्ये नीट कळलं.

वर्ध्याची बंदी सत्तरच्या दशकातली, गांधी-विनोबांच्या पुण्याईवर आलेली. गडचिरोलीची १९९३ची, आंदोलनातून मिळवलेली. गडचिरोली १९८२पर्यंत चंद्रपुरातच होतं. त्यामुळे 'आजूबाजूचे दोन्ही जिल्हे कोरडे, मग मधला ओला का?' हा सवाल मूल, सिंदेवाही, चिमूरकडच्या धानपट्ट्यातल्या बायकांच्या तोंडी अगदी सहज आला. रोवणीची मजुरी घरी पोचण्याआधी देशीच्या दुकानात जिरते, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

डिसेंबर २०१०मध्ये हिवाळी अधिवेशन चालू असताना हजारो महिला चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. जिल्ह्यातल्या पाचशेहून अधिक ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. सरकारने समिती नेमली, २०१२मध्ये तिचा अहवाल आला आणि तो तसाच पडून राहिला. सत्ताबदलानंतर, जानेवारी २०१५मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला. १ एप्रिलपासून दुकानं बंद झाली. परवानाधारक कोर्टात गेले, पण बंदी टिकली.

पुढच्या सहा वर्षांत काय झालं, याबद्दल दोन्ही बाजू आजही भांडतात. दारू बंद झाली नाही, हे बंदीचे समर्थकही मान्य करतात. यवतमाळच्या वणीकडून, नागपूरच्या बाजूने, तेलंगणातून माल येत राहिला. दुधाच्या कॅनमध्ये, भाजीच्या क्रेटखाली, पिकअपच्या तळाशी केलेल्या चोरकप्प्यात. नव्वद मिलीच्या देशीच्या निपा दुप्पट-तिप्पट दराने गल्लीत मिळत. जंगलालगतच्या गावांत मोहाचा सडवा होताच. नोव्हेंबर २०१८मध्ये नागभीड तालुक्यात तस्करांच्या गाडीने एका पोलीस उपनिरीक्षकाला चिरडलं, तेव्हा हा धंदा कुठवर गेलाय ते सगळ्या राज्याने पाहिलं.

तरी बंदी उठवण्याचा २७ मे २०२१चा निर्णय ज्या आकड्यावर उभा राहिला, तो जरा उलटून पाहायला हवा. बंदीआधीच्या पाच वर्षांत दारूचे साधारण १६ हजार गुन्हे, बंदीनंतरच्या पाच वर्षांत ४० हजारांवर. एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल मार्चमध्ये सादर झाला होता. त्याचा आधार घेऊन सरकारने सांगितलं की बंदी फसली, गुन्हेगारी वाढली. पण विक्रीच गुन्हा ठरली, तर गुन्हे वाढणारच. काल ज्या काउंटरवर पावती फाडून बाटली मिळत होती, तीच बाटली आज बाळगली तरी खटला. हा आकडा पोलिसांनी किती केसेस केल्या ते सांगतो. लोक किती पीत होते, किती घरांत मारहाण थांबली, ते त्यातून कळत नाही. या केसेसमध्ये महिला आणि अल्पवयीन मुलं अडकली, ही गोष्ट मात्र खरी आणि गंभीर आहे. माल वाहायला गरिबाचं पोर स्वस्त पडतं. दुसरं कारण बुडालेल्या महसुलाचं होतं. तेच पहिलं होतं असं म्हणणारे जिल्ह्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांना खोडून काढणं अवघड आहे. बंदी उठवा म्हणणारी अडीच लाखांहून अधिक निवेदनं आली, असंही सांगितलं गेलं. ग्रामपंचायतींचे जुने ठराव या हिशेबात कुठे धरले, ते काही ठळकपणे पुढे आलं नाही.

जुलै २०२१मध्ये दुकानं उघडली. गडचिरोलीकरांना आता पुन्हा वैनगंगेचा पूल ओलांडला की पुरे.

गावांच्या हातात उरलीय ती आडवी बाटली, म्हणजे दुकान बंद करण्यासाठीचं मतदान. २००८च्या आदेशानुसार पंचवीस टक्के महिलांनी किंवा मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होतं. दुकान बंद व्हायला निम्म्याहून अधिक मतं लागतात, तीही झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक. म्हणजे जी आली नाही तिचं मत आपोआप दुकानाच्या पारड्यात. या भागातल्या बायका हंगामात मिरची तोडायला तेलंगणात जातात. मतदानाची तारीख त्या दिवसांत पडली, तर निकाल आधीच लागलेला असतो.