काळनिवड, इंग्रजी वाक्यातील (मराठवाडा)

रोजच्या बोलण्यातले वाक्य इंग्रजीत मांडताना क्रियापदाचा योग्य काळ ठरविणे. शालेय व्याकरणात तीन काळांचे प्रत्येकी साधा, चालू, पूर्ण व चालू पूर्ण असे प्रकार धरून १२ काळ शिकवतात. क्रियापदाच्या रूपांवर भर देणारे अनेक अभ्यासक मात्र इंग्रजीत दोनच काळ मानतात, भूत व अभूत (भूत नसलेला, ज्याला शाळेत वर्तमान म्हणतात). ‘विल’ त्यांच्या मते वृत्तिदर्शक साहाय्यक क्रियापद (‘कॅन’, ‘मे’ यांसारखे शक्यता, इच्छा दाखवणारे) ठरते, भविष्यकाळाचे रूप नव्हे. हे मत अधिक सयुक्तिक दिसते. शिकविण्याच्या सोयीमुळे बाराची मांडणी टिकून आहे. तत्त्वज्ञ हान्स रायखेनबाख यांनी १९४७ मध्ये काळ समजून घेण्यासाठी उच्चारक्षण (बोलण्याचा), घटनाक्षण (घडण्याचा) आणि संदर्भक्षण (जिथून घटनेकडे पाहिले जाते तो) असे तीन बिंदू सुचवले. ‘आय सॉ हिम’ व ‘आय हॅव सीन हिम’ या दोन्हींत घटना मागेच घडलेली असते. दुसऱ्यात तिच्याकडे आजच्या क्षणावरून पाहिले जाते. म्हणून मराठीत ‘मी काल आलो आहे’ खपते, पण इंग्रजीत ‘यस्टरडे’ आले की ‘हॅव कम’ चालत नाही, ‘केम’ लागते.

पार्श्वभूमी : १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते, इंग्रजी हा विषय होता. औरंगाबादला १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आले. राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते.

बोली आणि चालू काळ : मराठवाडी बोलीत चालू क्रियेसाठी ठसठशीत रूप आहे. लातूर-नांदेडकडे ‘काय करायलास?’, ‘करूलालास?’, तर परभणी-जालन्याकडे ‘काय करू राहिला?’ असे साधारणतः ऐकू येते. ‘करायलो’ची व्युत्पत्ती दोन प्रकारे लावता येते. एक, ‘करायला लागलो’ यातील ‘लाग’ झिजून. दुसरी, ‘करू राहिलो’चा ‘ऱ्हायलो’ आधीच्या धातूत मिसळून. अर्थाच्या दृष्टीने ‘राहणे’ जवळचे, कारण त्यात सातत्य आहे आणि ‘लागणे’ आरंभ दाखवते. शेजारच्या वऱ्हाडीतले ‘करून राहिलो’ही त्याच बाजूचे. परंतु ‘करूलालो’तला दुहेरी ‘ल’ ‘राहणे’वरून नीट उलगडत नाही. तेव्हा निदान त्या रूपापुरती पहिली व्युत्पत्ती ग्राह्य वाटते, आणि दोन्ही प्रवाह पुढे एकमेकांत मिसळले असणे शक्य आहे.

वर्गात या रूपाचा मोठा उपयोग आहे. प्रमाण मराठीतला ‘जातो’ रोजची सवयही सांगतो (‘मी शाळेत जातो’) आणि निघतानाचा निरोपही (‘बरं, जातो’). बोलीतला ‘जायलो’ मात्र सहसा चालू क्रियाच सांगतो. ‘जातो’ला ‘आय गो’ आणि ‘जायलो’ला ‘आय ॲम गोइंग’ असे जोडून दिले, तर मुलांना हा भेद नव्याने घोकावा लागत नाही. बोली अशुद्ध म्हणून खोडून काढणाऱ्या शिक्षकाच्या हातून हे साधन निसटते. या साधनाला मर्यादाही आहेत. ‘दिसायलंय का?’ हे बोलीत सहज येते. इंग्रजीत ‘आर यू सीइंग?’ होत नाही, ‘कॅन यू सी?’ म्हणावे लागते. ‘नो’, ‘हॅव’ (जवळ असणे) अशी स्थितिवाचक क्रियापदेही सहसा चालू काळ घेत नाहीत.

स्थिती दाखवणारी रूपे : ‘आबा ओट्यावर बसलेत’ या वाक्यात मराठीने बसण्याची क्रिया पूर्ण धरली आहे, इंग्रजीत ‘इज सिटिंग’ येते. ‘बाळ झोपलंय’, ‘आईनं लुगडं नेसलंय’ यांचेही तसेच. येथे शब्दाला शब्द ठेवल्यास पूर्ण वर्तमानकाळ येतो आणि अर्थ हुकतो.

कालावधी : ‘दहा वर्षांपासून लातूरला राहतो’ यात मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीत ‘हॅव बीन लिव्हिंग’ लागते. ‘टेन इयर्स’ या शब्दांच्या आधी ‘फॉर’ येते, ‘सिन्स’ ठरावीक वर्षाच्या उल्लेखाआधी.

नकार : ‘गेलो नाही’त भूतकाळ मुख्य क्रियापदावर असतो. इंग्रजीत तो ‘डिड’वर जातो, म्हणून ‘डिड नॉट गो’.

पुढची गोष्ट : ‘मृग बरसला की पेरू’ यात पाऊस अजून यायचा असूनही क्रियापद भूतकाळी आहे. इंग्रजीत ‘व्हेन’च्या उपवाक्यात साधा वर्तमानकाळ येतो, मुख्य वाक्यात ‘विल’ : ‘व्हेन इट रेन्स, वी विल सो.’ हाक मारल्यावर दिलेले ‘आलोच!’ इंग्रजीत ‘आय ॲम कमिंग’ होते.