मंगळावर गाडी लागलेली नाही

साताऱ्यात पोवई नाक्यावरच्या टपरीवर परवा पुन्हा तोच विषय: मस्कची लाल टेस्ला मंगळावर उभी आहे म्हणे. ‘आनेवाडीचा टोल चुकवायला वरनं गेली व्हय?’ एकाने खारी बुडवत विचारलं. खारी तुटून चहात पडली, मंगळ काही सुटेना.

तर, गाडी मंगळावर उतरलेली नाही. तशी योजनाही नव्हती. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातून मस्कच्याच स्पेसएक्स कंपनीचं फाल्कन हेवी रॉकेट पहिल्यांदा उडालं, त्यात चाचणीचं वजन म्हणून ती ठेवली होती. एरवी काँक्रीटचे ठोकळे ठेवतात. आता ती सूर्याभोवती फिरते, साधारण ५५७ दिवसांत एक फेरी. इंजिन नाही, ब्रेक नाही. खंबाटकी उतरताना न्यूट्रलला टाकावी तशी. ऑक्टोबर २०२० मध्ये मंगळाजवळून गेली, पण ‘जवळून’ म्हणजे सुमारे ७४ लाख किलोमीटरवरून!

खरी गंमत जानेवारी २०२५ ची. खगोलशास्त्रज्ञांच्या यादीत ती चुकून लघुग्रह म्हणून चढली, ‘२०१८ सीएन४१’ असा नंबरही मिळाला. दुसऱ्याच दिवशी रद्द.

हे टपरीवर सांगितलं, तर खारीवाला म्हणतो, ‘साताऱ्यात पासिंग केलं असतं तर झालं असतं का असं?’