कळकाचे काटे आणि गावाचं रान

कळकाच्या, म्हणजे काटेरी बांबूच्या, बेटात कधी हात घातलाय? बुडाशी वाकड्या काटेरी फांद्यांची अशी गुंतवळ असते की कोयत्याशिवाय आत शिरता येत नाही. पावसाळा लागला की याच जाळीतून जाडजूड कोंब वर येतात. कोंब काही महिन्यांतच आपली पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर काठी उंचही होत नाही आणि जाडही होत नाही. पुढची दोन-तीन वर्षं ती फक्त पक्की होत जाते. वाढत्या कोंबाला लागणारं अन्न जमिनीखालच्या कंदातून आणि शेजारच्या जुन्या काठ्यांकडून येतं. त्यामुळे कोवळे कोंब गुरांनी खाल्ले तर त्या वर्षीची वाढ तर जातेच, शिवाय बेटानं साठवलेलं अन्नही वाया जातं. जुन्या काठ्या सगळ्याच तोडल्या तर पुढच्या कोंबांना पोसायला कुणी उरत नाही.

सुपं, दुरड्या, कणग्या विणणाऱ्या, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या बुरडाला हे समजावून सांगावं लागत नाही. ते समजून घ्यायला वेळ लागला तो शास्त्रीय व्यवस्थापन करणाऱ्यांना. लोंढ्याच्या पलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात, दांडेलीच्या कागद गिरणीला आसपासच्या जंगलातून बांबू जात असे, आणि तो झपाट्यानं कमी होत होता. 1970 च्या दशकात परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी त्याचा अभ्यास केला. बेटात दाटी होऊ नये, वाढ चांगली व्हावी म्हणून बुडातले काटे साफ करावेत, अशी तेव्हा पद्धत होती. गावकरी मात्र सांगत होते, की काटे काढले की कोंब उघडे पडतात आणि गुरं, रानातली जनावरं ते फस्त करतात. गाडगीळांनी प्रत्यक्ष रानात जाऊन तपासलं, तर गावकऱ्यांचंच बरोबर निघालं.

‘खेड्यातली माणसं मुळातच शहाणी’ असं म्हणायला ही गोष्ट सांगत नाही. शहाणपणाचा मक्ता कुणाकडेच नसतो. मुद्दा व्यवस्थेचा आहे. ज्याला बेटाची अवस्था रोज दिसत होती, त्याला निर्णयाचा अधिकार नव्हता. ज्याच्याकडे अधिकार होता, त्याच्यापर्यंत निर्णयाचा परिणाम पोचायला वर्षं लागत होती. शिवाय इथला बांबू संपला तर गिरणी दुसऱ्या मुलखातून आणू शकते. बुरूड कुठे जाणार?

सामाईक मालमत्तेची वाट लागतेच, हा समज पसरला तो अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांच्या 1968 च्या एका निबंधामुळे. सगळ्यांचं कुरण, प्रत्येक जण एक जनावर जास्त घालणार आणि शेवटी कुरण उजाड. पण हार्डिन ज्याचं वर्णन करत होते, ते बेवारशी कुरण होतं. सामाईक आणि बेवारशी यांतला फरक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर जगभरच्या गावांचे दाखले देऊन दाखवला. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकून राहिलेल्या सामाईक रानांत त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. हद्द ठरलेली असते. नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, राखणदार गावाला जबाबदार असतो आणि दंड पहिल्या चुकीला थोडा, पुढे वाढत जाणारा. (हद्द म्हटलं की आपल्या भागात एकच, महाराष्ट्र-कर्नाटक सीमा आठवते. इथे प्रश्न शिवेचा आहे, राज्याचा नाही.)

अश्विनी छत्रे आणि अरुण अग्रवाल या संशोधकांनी 2009 मध्ये 10 देशांतल्या 80 सामाईक जंगलांची आकडेवारी तपासली. जंगल मोठं आणि नियम करण्याची मोकळीक स्थानिकांकडे जास्त, तिथे झाडांत साठलेला कार्बनही जास्त आणि लोकांना होणारा फायदाही जास्त, असं त्यांना आढळलं. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो दुसरा धागा: मालकी सरकारची आणि आपला हक्क कधी जाईल सांगता येत नाही, असं वाटलं की लोक आजच ओरबाडून घेतात.

खानापूरच्या पश्चिमेकडची गावं या अनिश्चिततेतच जगतात. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, देगावच्या बाजूला म्हादई. भीमगडचं रान 2011 मध्ये अभयारण्य झालं. आतल्या वाड्यांवर पावसाळ्यात आजारी माणसाला उचलून आणावं लागतं, त्यामुळे स्थलांतराची बोलणी अधूनमधून निघतात. ज्याला बाहेर यायचंय त्यानं जरूर यावं. पण 2006 चा वनहक्क कायदा सांगतो, की हक्कांची पडताळणी पूर्ण झाल्याशिवाय कुणाला हलवता येत नाही. आणि अभयारण्यात हक्क मिळतच नाहीत हा समजही खोटा आहे. याच कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरातल्या सोलिगा आदिवासींना 2011 मध्ये व्याघ्रप्रकल्पाच्या आत सामूहिक हक्क मिळाले.

गावची वनसमिती आणि हा हक्क यांत गल्लत होते. समिती हा वनखात्याचा कार्यक्रम, तर सामूहिक वनहक्क 2006 च्या वनहक्क कायद्यानं येतो आणि रान राखायचा अधिकार थेट ग्रामसभेला देतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टरवर मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभाच देऊ लागली. मेंढा हे गोंड आदिवासींचं, म्हणजे अनुसूचित जमातीचं गाव. आपल्याकडे गवळी-धनगर आणि मराठा कुटुंबं कर्नाटकात अनुसूचित जमातीत मोडत नाहीत, म्हणून त्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा, रहिवास आणि रानावरचं अवलंबन दाखवावं लागतं.

इथे घोडं अडतं. 1956 पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, तेव्हाचे कागद शोधायचे एकीकडे आणि आजचा अर्ज भरायचा कन्नडमध्ये. पण नियमांमध्ये पुरावा म्हणजे नुसता कागद नव्हे. गावच्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो, फक्त ते स्वतः दावेदार नसावेत. देवराई, जुनी विहीर, मसणवट, गुरं चरायची जागा, शिकेकाई आणि मध काढायचं रान, सगळं धरलं जातं. ज्या राईत फांदी मोडायलाही आजी घाबरायची, ती राई आज कायद्याच्या भाषेत पुरावा आहे.

हक्क मिळाला की रान आपोआप सुधारतं असं मात्र नाही. ज्याची गुरं जास्त, तो सभेत मोठ्यानं बोलतो; सरपणासाठी रोज रानात जाणारी बाई मागे बसते. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी गुजरात आणि नेपाळमधल्या वनसमित्या अभ्यासल्या, तेव्हा कार्यकारिणीत बायका जास्त होत्या तिथे रानाची अवस्था चांगली दिसली. कोणत्या ओढ्याकाठी सुकी लाकडं उरली नाहीत हे आधी कुणाच्या लक्षात येणार, याचा विचार केला तर त्यात नवल नाही.

ग्रामसभेलाही गावातली निम्मी माणसं हवीत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका. ही सभा पंचायतीच्या गावी नव्हे, वाडीवरच घ्यावी. लावणीच्या दिवसांत बोलावली तर कुणी येणार नाही. सुगी आटोपल्यावर, होळीच्या आत बरं. वेळ दूध पोचवून झाल्यावरची असावी. पानझडीचं रान तेव्हा उघडं पडलेलं असतं, त्यामुळे म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन हद्द चालायला आणि ती नकाशावर उतरवायलाही तेच दिवस सोयीचे.