लैंगिक उत्तेजनेचं मोजमाप: एका संशयी यंत्राची पार्श्वभूमी

पुरुषाची लैंगिक उत्तेजना मोजणारं यंत्र रुग्णांच्या सोयीसाठी जन्माला आलं नाही. त्याचं मूळ सैन्यभरतीतल्या संशयात आहे. १९५०च्या दशकात चेकोस्लोव्हाकियात लष्करी सेवा सक्तीची होती आणि समलैंगिक असल्याचं सांगून ती टाळता येई. सांगणारा खरं बोलतोय की सबब काढतोय, हे ओळखण्याचं काम मनोविकारतज्ज्ञ कुर्ट फ्रॉइंड यांच्याकडे आलं. त्यांनी शिश्नावर बसणारी काचेची नळी तयार केली. ती बुडाशी हवाबंद करायची, समोर नग्न स्त्री-पुरुषांची चित्रं दाखवायची आणि रक्त भरून आकारमान वाढलं की नळीतली हवा किती सरकली ते नोंदवायचं. ताठरता यायच्या आधीचा बारीकसा बदलही त्यात टिपला जाई.

याच फ्रॉइंड यांनी समलैंगिक पुरुषांना ‘बरं’ करण्याचे प्रयोगही केले. उलटी आणणारं औषध द्यायचं आणि त्याच वेळी पुरुषांची चित्रं दाखवायची, असा तो अघोरी प्रकार. त्यातून काही साधत नाही हे दिसल्यावर मात्र त्यांनी ते उघड मांडलं आणि कायदा बदलावा म्हणून आग्रह धरला. १९६१ साली तिथे प्रौढांमधले समलैंगिक संबंध गुन्ह्यांच्या यादीतून निघाले. ‘प्राग वसंत’ ही तिथली १९६८ची सुधारणांची लाट सोव्हिएत फौजांनी चिरडल्यावर फ्रॉइंड कॅनडात टोरांटोला गेले आणि तिथे लैंगिक गुन्हेगारांच्या तपासणीत हे तंत्र रुजलं.

त्या कॅनडात आधीच एक वेगळा उद्योग होऊन गेला होता. सरकारी नोकरांमधले समलैंगिक हुडकण्यासाठी चित्रं दाखवून डोळ्यांच्या बाहुल्या किती रुंदावतात ते मोजायचं! चित्र जरा उजळ असलं तरी बाहुली आकसते, ही साधी अडचणसुद्धा तिथे धड सुटली नाही. ‘फ्रूट मशीन’ (‘फ्रूट’ म्हणजे समलैंगिकांना हिणवणारा इंग्रजी शब्द) या कुचेष्टेच्या नावानं ओळखला जाणारा तो प्रकल्प १९६७च्या सुमारास गुंडाळला गेला. शिश्नमापनाचा मोह मात्र सुटला नाही. समलैंगिक म्हणून आश्रय मागणाऱ्या पुरुषांवर चेक प्रजासत्ताकानं ही चाचणी केल्याबद्दल २०१०मध्ये युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेनं टीका केली. अशा ‘चाचण्या’ मानवी प्रतिष्ठेला बाधक आहेत, असं युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१४मध्ये बजावलं.

स्त्रियांकडे हे विज्ञान उशिरा वळलं. अमेरिकेत सेंट लुईसमध्ये मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुषांचं प्रयोगशाळेत निरीक्षण करून १९६६ साली निष्कर्ष छापले होते. पण त्यांचा भर शरीरात काय घडतं यावर होता. मनाला काय वाटतं आणि शरीर काय करतं, हे शेजारी ठेवून पाहायला हाताळायला सोपं साधन लागतं. ते १९७५ साली सिंचॅक आणि गीर या संशोधकांनी दिलं. टॅम्पॉनएवढी पारदर्शक कांडी, आत छोटा दिवा आणि प्रकाश टिपणारा घटक. योनीच्या भिंतीत रक्त वाढलं की परतणारा प्रकाश बदलतो. स्त्री एकीकडे ही कांडी स्वतः बसवून चित्रफीत पाहते आणि दुसरीकडे आपल्याला किती उत्तेजित वाटतंय त्याला गुण देते.

या दोन आकड्यांचा मेळ बसेना. मानसशास्त्रज्ञ मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये १३२ अभ्यासांतले २५०५ स्त्रिया आणि १९१८ पुरुष एकत्र पाहिले. सांगणं आणि मापन यांतला सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण मेळ, ० म्हणजे काहीच मेळ नाही) पुरुषांमध्ये ०.६६ निघाला, स्त्रियांमध्ये ०.२६. ‘बायकांना स्वतःचंच मन कळत नाही’ असा अर्थ काढणारे लगेच सरसावले. मला तो उथळ वाटतो. पुरुषाच्या साधनाचं माप मिलिमीटरमध्ये किंवा घनफळात येतं. योनीतल्या कांडीच्या आकड्याला ठरलेलं असं एककच नाही, त्यामुळे एका स्त्रीचा आकडा दुसरीच्या आकड्याशी थेट ताडता येत नाही. शिवाय पुरुषाला स्वतःचा बदल दिसतो, जाणवतो. आणि योनीत रक्त वाढणं, ओलावा येणं ही इजेपासून वाचवणारी आपसूक प्रतिक्रियाही असू शकते, असं काही संशोधक मांडतात. ते खरं असेल तर ‘शरीरानं साथ दिली, म्हणजे तिची संमती होती’ या युक्तिवादाला काही अर्थच उरत नाही.

औषधांच्या चाचण्यांत मोजपट्टी निराळी झाली: यंत्राऐवजी माणसाला विचारायचं. पुरुषांसाठी १९९७मध्ये १५ प्रश्नांची, स्त्रियांसाठी २०००मध्ये १९ प्रश्नांची प्रश्नावली आली. स्त्रियांची मंदावलेली कामेच्छा वाढवण्यासाठीच्या फ्लिबॅन्सेरिन या औषधाला २०१५मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती स्त्रियांनी स्वतः नोंदवलेल्या समाधानकारक अनुभवांच्या, इच्छेच्या आणि त्रासाच्या आकड्यांवर.