जखमी शत्रूवरील उपचार

लढाईत जखमी होऊन हाती आलेल्या शत्रूवर आपल्या माणसाइतकेच उपचार करण्याचे डॉक्टरचे कर्तव्य. १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर कास्तिल्योने गावच्या बायकांनी 'सगळे भाऊच' म्हणत दोन्हीकडच्या जखमींची सेवा केली. ते पाहणाऱ्या हेन्री ड्यूनंट या स्विस व्यापाऱ्याच्या खटपटीतून युद्धातील जखमींविषयीचा १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. १९४९ च्या करारांनुसार उपचार आधी कोणावर करायचे, हे केवळ वैद्यकीय निकडीवरून ठरते.

घोडे अडते ते इथेच. मांडीची धमनी फुटलेला माणूस काही मिनिटांत दगावतो. दंडाच्या मांसातून गोळी आरपार गेलेला बहुधा थोडा थांबू शकतो. पहिला पकडून आणलेला बंडखोर आणि दुसरा त्याला पकडणारा जवान असला, तरी टेबलावर आधी पहिलाच. जवानाचे सोबती दारात उभे असताना त्यांना हे सांगणे सोपे नाही.

ग्रामीण विदर्भात हा प्रश्न प्रामुख्याने गडचिरोलीतील नक्षल संघर्षामुळे आला. सरकार याला युद्ध मानत नाही, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न मानते. डॉक्टरला त्याने फारसा फरक पडत नाही. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जखमी निरपराध असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणे हे सरकारी-खाजगी प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार खोळंबता कामा नयेत. गोळीची जखम 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचे प्रकरण) म्हणून नोंदली जाते, पोलिसांना कळवलेही जाते. पण आधी रक्त थांबवायचे, मग रजिस्टर उघडायचे.

शिवाय 'शत्रू' हा शब्द इकडे नीट बसत नाही. पोलिसांच्या सी-६० पथकात स्थानिक आदिवासी तरुण आहेत, नक्षल्यांच्या दलममध्येही (सशस्त्र तुकडीत) माडिया-गोंड पोरे गेली. दोघांनाही 'कुठं दुखते?' हे एकाच बोलीत विचारता येते.

पकडलेल्या जखमीच्या खाटेशेजारी पोलीस पहारा बसतो. त्याचा जबाब घेण्याआधी तो बोलण्याच्या स्थितीत आहे का, असा लेखी शेरा डॉक्टरकडून घेतला जातो. शेरा 'अनफिट' असला, की जबाब लांबतो.