मिरजेतला नाताळ आणि आमचं कटलरीचं दुकान

डिसेंबरचा पहिला पंधरवडा सरला की मिरजेत मिशन हॉस्पिटलच्या आसपासच्या गल्ल्यांत दारोदारी चांदण्या लागतात. शेजारी नव्याने राहायला आलेल्या वहिनींनी मला विचारलं, "तंतुवाद्यांचं गाव, मीरासाहेबांच्या दर्ग्याचं गाव हे ऐकून होते. पण इथे नाताळ एवढा कुठून आला?" मी तीस वर्षं त्याच भागात कटलरीचं दुकान चालवलं, माझ्याआधी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. आमच्या घरचे सण गणपती आणि दिवाळी. पण दुकानातले वर्षातले सगळ्यात आनंदाचे दिवस कोणते म्हणाल, तर नाताळच्या आधीचे दहा.

याचं मूळ दवाखान्यात आहे. विल्यम जेम्स वॉन्लेस हे कॅनडात जन्मलेले डॉक्टर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये हिंदुस्थानात आले. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली आणि १८९४ मध्ये इथे मिशनचं हॉस्पिटल सुरू झालं. शस्त्रक्रियेसाठी त्याचं नाव लांबवर पोचलं. रेल्वे हाताशी होती, त्यामुळे कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येत. सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी वॉन्लेस यांनी आरोग्यधाम काढलं, त्या वस्तीला आजही वानलेसवाडीच म्हणतात. १९२८ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. सातासमुद्रापलीकडच्या माणसाचं नाव आपल्या जिभेवर वाडी होऊन बसतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

हॉस्पिटल म्हटलं की नर्सेस आल्या, त्यांचं होस्टेल आलं, वॉर्डबॉय, आया, स्वयंपाकी आले. त्यांची घरं झाली, चर्च झालं, शाळा झाली. १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज निघालं आणि बाहेरगावची मुलंमुलीही गावात राहायला लागली. आठ बाय दहाच्या दुकानाला आणखी काय लागतं? एरवी आमच्याकडे बांगड्या, पिना, रिबिनी, वह्या, बटणं, सुया-दोरे असायचे. डिसेंबरात त्यांतलं निम्मं मागे सरायचं.

'नाताळ' हा शब्द मात्र अमेरिकन मिशनपेक्षा जुना. तो पोर्तुगीज, गोव्याकडून मराठीत रुळलेला. आमच्या गिऱ्हाइकांपैकी ख्रिसमस कुणीच म्हणायचं नाही. "अण्णा, नाताळचा माल कधी फोडताय?" असंच विचारायचे.

या मालाबद्दल थोडं सविस्तर सांगते. अण्णांनी दुकान घातलं तेव्हा नाताळचा म्हणून वेगळा माल मिरजेत फारसा मिळत नसे. दिवाळीत जे उरे तेच पुढे चाले. पाच टोकांचा चांदणी कंदील दिवाळीत नाही खपला तर अण्णा तो माळ्यावर टाकत नसत. खालच्या झिरमिळ्या कातरून, फाटलेल्या जागी पतंगी कागदाचा तुकडा खळीने डकवून तो दारात टांगत. कामट्या त्याच, कागद तोच, आतला दिवा तोच. येशूच्या जन्माच्या वेळी दिसला म्हणतात त्या बेथलेहेमच्या ताऱ्याला मिरजेत दिवाळीच्या कंदिलाने जागा दिली. ही माझी समजूत आहे, पण माझ्या डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टीवरची आहे.

गव्हाणीचंही तसंच. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून घराघरात आणि चर्चमध्ये गव्हाणीचा देखावा करतात. मेरी, योसेफ आणि बाळ यांच्या मूर्ती लोक पेटीत जपून ठेवतात, त्या दरवर्षी विकत घेत नाहीत. लागतात ती जनावरं, मेंढपाळ. आमच्याकडे दिवाळीतल्या किल्ल्यावरची मातीची चित्रं उरलेली असायची. मावळे आणि तोफा आम्ही पुढच्या वर्षासाठी भुश्श्यात बांधून ठेवायचो. गाय, वासरू, गवळण आणि घोंगडी पांघरलेला धनगर मात्र बाहेर, काउंटरवर.

मी गल्ल्यावर बसायला लागले त्या पहिल्या वर्षीची एक संध्याकाळ आठवते. होस्टेलवरच्या एक वयस्क सिस्टर ड्युटी संपवून, पांढऱ्या साडीवर स्वेटर घालून आल्या. "अण्णा, आमच्या मेंढ्या आल्या काय?" अण्णांनी पाटी पुढे ओढली. सिस्टरनी एकेक मेंढी उचलून पाय तपासले, कारण मातीच्या मेंढीचा पाय पहिल्यांदा जातो. सात निवडल्या. आठवी लंगडी होती, ती परत ठेवली, आणि दाराशी जाऊन परत वळल्या. "द्या ती पण. कापसात बसवते, पाय कुणाला दिसतोय?" कापूस म्हणजे बर्फ. मिरजेत बर्फ कुणी पाहिलेला, पण दवाखान्याच्या गावात पट्टीच्या कापसाला तोटा नव्हता. शेजारच्या मेडिकलवाल्याकडे त्या आठवड्यात कापसाचे रोल कंपाउंडरांपेक्षा पोरंच जास्त न्यायची. छपराला उसाचं पाचट, कारण कारखान्यांचा हंगाम ऐन भरात असतो आणि गाड्यांमागे पाचट हवं तेवढं मिळतं. खरे धनगरही त्याच दिवसांत जत-आटपाडीकडची मेंढरं घेऊन नदीकाठच्या रानात बसवायला आलेले असायचे. त्यामुळे आमच्या गव्हाणीतला मेंढपाळ कुणाला परका वाटला नाही.

दुसरा मोठा धंदा कार्डांचा. छापील नाताळकार्डाची सुरुवात १८४३ मध्ये लंडनला झाली. हेन्री कोल नावाच्या गृहस्थांना पत्रांची उत्तरं लिहायला सवड होईना, म्हणून त्यांनी एक चित्र काढून घेतलं आणि छापलं. मिरजेच्या होस्टेलातल्या मुलींची गरजही तीच होती. केरळपासून विदर्भापर्यंतची घरं आणि हातात सुट्टी नाही. आमच्याकडे शिवकाशीची छपाई असलेली कार्डं यायची. काउंटरवर आडवी तार बांधून त्यावर ती चिमट्यांनी लावायची. पाकीट चिकटवायचं नाही, वरची पाळ आत खोचायची, म्हणजे बुक पोस्टाने कमी तिकिटात जातं, हे आम्ही प्रत्येकीला सांगायचो. मुली तिथेच उभ्या राहून पत्ते लिहायच्या. एखादी लिहिता लिहिता थांबायची, तेव्हा अण्णा मुद्दाम मागे जाऊन खोकी हलवत बसायचे. १९७३ पासून कालनिर्णय निघालं, तेही याच दिवसांत कार्डांच्या शेजारी टांगलेलं असायचं. २५ डिसेंबर कुठल्या वारी येतो हे बघून मुली ड्युटीची अदलाबदल ठरवत.

अण्णांच्या सांगण्यात एक नाताळ नेहमी यायचा, १९६७ चा. ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं आणि हादरे मिरजेपर्यंत बसले. दुकानाच्या फळ्या काढल्या तर रॅकवरच्या बांगड्यांच्या पेट्या खाली, काचेचा नुसता सडा. लोक रात्री अंगणात झोपत होते. त्या वर्षी चांदण्या फारशा खपल्या नाहीत, मेणबत्त्या मात्र संपल्या. रोज सकाळी भवानी मेणबत्तीचीच व्हायची, असं ते सांगत.

गाण्यांच्या टोळ्या वीस तारखेपासून रात्री फिरायच्या, त्यांना टॉर्चचे सेल लागत. पेटी आणि टाळ घेऊन ते गात. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर मराठी चालींवर शेकडो पदं रचली होती, त्यामुळे लांबून ऐकणाऱ्याला भजनच वाटे. फराळ तर करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांचा. केकचं मिश्रण डब्यात घालून लोक बेकरीच्या भट्टीवर नेत, त्या डब्यांना लावायला बटरपेपर आमच्याकडून जाई.

कार्डं मोबाइलने संपवली. सन दोन हजारनंतर तार दरवर्षी थोडी आखूड करावी लागली. २०१६ मध्ये नोटाबंदी नोव्हेंबरात झाली आणि नाताळचा अख्खा धंदा उधारीच्या वहीवर झाला. त्यातली जवळजवळ सगळी उधारी मार्चपर्यंत फिटली, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा पोरं पुन्हा कामट्या आणि पतंगी कागद मागायला आली. खळ कशी शिजवायची ते मी चौघाजणांना दुकानातच दाखवलं. माझा शेवटचा नाताळ २०२० चा. २२ डिसेंबरपासून महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरानंतर संचारबंदी होती. टोळ्या निघाल्या नाहीत, सेल पडून राहिले. चांदणी मात्र एकही उरली नाही, कारण लोक घरीच होते आणि दारं तरी सजवू म्हणत होते.

२५ तारखेला दुपारी प्रार्थनेहून परतणारी माणसं फराळाचं ताट घेऊन यायची. काउंटरवर जागा नसायची, म्हणून ताटं बांगड्यांच्या पेट्यांवर ठेवायची. संध्याकाळी कार्डांची तार उतरवायची, उरलेल्या मेंढ्या भुश्श्यात गुंडाळायच्या. २६ ला सकाळी दारात संक्रांतीच्या वाणाची खोकी येऊन पडलेली असायची.