नैसर्गिक गॅसचा भाव, दर आणि सबसिडी

जमिनीतून निघालेला किंवा जहाजातून उतरलेला मिथेन वायू कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर त्याच्यावर जे जे चढत जातं (मूळ किंमत, पाइपलाइनचं भाडं, कर) ती सगळी बेरीज म्हणजे गॅसचा भाव, अन् त्यातलं सरकार स्वतः भरते ती सबसिडी. आपल्या इकडे गॅस म्हटलं की सिलिंडर, पण तो एलपीजी, त्याचं गणित वेगळं. नैसर्गिक गॅस विदर्भातल्या खेड्यात येतो तो युरियाच्या गोणीतून, हे पारावर सांगितलं तर निम्मे लोक हसतात.

हा गॅस उष्णतेवर विकतात, एकक एमएमबीटीयू, म्हणजे साधारण दीड घरगुती सिलिंडरची उष्णता. ओएनजीसी, ऑइल इंडिया या सरकारी कंपन्यांच्या जुन्या विहिरींतल्या गॅसचा भाव 2014 पासून परदेशी बाजारांवरून काढायचे, मग गॅसच्या भावासाठी सरकारनं नेमलेली किरीट पारीख समिती आली अन् एप्रिल 2023 पासून तो भारत घेते त्या कच्च्या तेलाच्या भावाच्या 10 टक्के, दर महिन्याला ठरतो, खाली 4 डॉलर अन् वर साडेसहाची मर्यादा (2025 मध्ये 6.75 केली). पण देशाला लागणारा जवळपास निम्मा गॅस एलएनजी (थंड करून द्रव केलेला गॅस) म्हणून बाहेरून येतो, बराचसा कतारचा, गुजरातच्या दहेज बंदरात उतरतो, त्याला मर्यादा कोण घालणार? 2022 मध्ये युक्रेन युद्धापायी स्पॉटचा, म्हणजे करार नसलेल्या रोखीच्या खरेदीचा भाव 50 डॉलरच्या वर गेला होता.

पाइपलाइनचं भाडं आधी अंतरावर अन् किती पाइपलाइनी बदलल्या त्यावर चढायचं, म्हणजे समुद्रापासून जितकं दूर तितकं महाग, आपण तर पार मधातच. 2023 पासून एकत्रित दर आला, सुरुवातीला तीन झोन: 300 किमीपर्यंत, 1200 पर्यंत, त्यापुढे. गेल या सरकारी गॅस कंपनीची मुंबई-नागपूर-झारसुगुडा लाइन समृद्धी महामार्गाच्या कडेनं आणली. गॅस जीएसटीत नाही, व्हॅट राज्याचा; महाराष्ट्रानं तो एप्रिल 2022 ला साडेतेरावरून 3 टक्के केला.

आता गोणी. मिथेनमधला हायड्रोजन अन् हवेतला नायट्रोजन मिळून अमोनिया, त्याचा युरिया, म्हणून युरियाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा गॅसचाच. 2015 पासून खत कारखान्यांसाठी देशी अन् आयात गॅसची सरासरी काढून सगळ्यांना एकच भाव लावतात, याला पूलिंग म्हणतात, मग ट्रॉम्बे असो, थळ असो की चंद्रपूरच्या पलीकडचं रामागुंडम. शेतकऱ्याला 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशाला, खरा खर्च त्याच्या कितीतरी पट, फरक केंद्र सरकार कंपनीला देते. 2022 मध्ये गॅस एवढा भडकला तरी गोणी एक रुपयानं हलली नाही, फक्त खत सबसिडीचं बिल अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. म्हणजे कतारचा भाव वाढला की कपाशीवाल्याला कळतच नाही, कळते दिल्लीच्या बजेटला.

हे चांगलंच आहे असं मात्र वाटत नाही. डीएपी (स्फुरदाचं खत) 1350 ला अन् युरिया त्याच्या पाचव्या हिश्श्यात, मग माणूस कशावर हात सैल सोडेल? युरिया जास्त पडला की कपाशी नुसती हिरवीगार वाढते, मावा अन् तुडतुडे धावून येतात, अन् गोणीत वाचलेले पैसे फवारणीत जातात. वरून ऐन पावसात टंचाई अन् कृषी केंद्रावरची लिंकिंग, म्हणजे युरिया पाहिजे तर सोबत ही बाटली घ्या. आमच्या घरी अशा दोन बाटल्या अजून न उघडता पडल्या आहेत.